आधी पॉइंट, मग गाडी

तो प्लग मी अजून टाकून दिलेला नाही. स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, मेणबत्त्या आणि रबरबँडांच्या शेजारी पडून आहे. तीन पिनांपैकी एकीच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलंय, भाजताना पापड फुगतो तसं. नोव्हेंबर २०२४ मधल्या एका रात्री साडेअकराला वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "मॅडम, तुमच्या गाडीजवळ काहीतरी जळल्याचा वास येतोय." गाऊनवर ओढणी टाकून मी चार मजले धावत उतरले, लिफ्टची वाट बघायचं सुचलंच नाही. गाडीला काहीही झालं नव्हतं. जळत होता तो मीच आणलेला २८० रुपयांचा एक्स्टेन्शन बोर्ड.

चूक सर्वस्वी माझी होती. पाडव्याच्या मुहूर्तावर, २ नोव्हेंबरला, विजेवर चालणारी गाडी घरी आली. हिरवी पाटी, त्यावर पांढरे आकडे, बॉनेटवर हळदीकुंकू, सगळं यथासांग. शोरूममधल्या मुलाने छान हसून सांगितलं होतं की चार्जर गाडीबरोबर फुकट आहे आणि बसवूनही देतात. त्या 'बसवून देतात'मध्ये किती मीटर केबल धरलेली आहे, हे ना त्याने सांगितलं ना मी विचारलं. धरली होती पंधरा मीटर. आमच्या इमारतीच्या मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबल फिरवत न्यायची तर पंचावन्न मीटर लागते. शिवाय सोसायटीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, असल्याशिवाय त्यांचा माणूस भिंतीला ड्रिल लावणार नव्हता, आणि ते बरोबरच होतं.

म्हणजे दारात बारा-तेरा लाखांहून वरची गाडी आणि तिला प्यायला पाणी नाही, अशी गत. सुरुवातीचे काही दिवस वॉचमनच्या केबिनमधल्या पॉइंटवरून बोर्ड लावून रात्रभर चार्ज केली. युनिट मोजायला छोटा मीटर लावला होता आणि पैसे सोसायटीत भरत होते, त्यामुळे मनाला टोचणी नव्हती. पण बोर्डाची वायर बारीक होती. गीझर दहा-पंधरा मिनिटांत बंद होतो. गाडीचा साधा चार्जर मात्र १४ अँपिअरच्या आसपास करंट सलग आठ-दहा तास ओढतो. पिन जराशी सैल असली की तिथेच गरम व्हायला लागते, गरम झाली की आणखी सैल होते, आणि मग वास. त्या रात्रीनंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला: एक्स्टेन्शन कधीही नाही, आणि चार्जिंगला लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघायचा. कोमट असला तर चालेल, चटका बसला तर बंद.

पुढचे दोन महिने गाडी आठवड्यातून दोनदा बाहेर, सार्वजनिक चार्जरवर. युनिटमागे वीस-बावीस रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी, आणि तासभर मॉलच्या तळघरात बसून राहायचं. गाडीत बसून मी पेन्शनची कागदपत्रं भरली, भाजी निवडली, एकदा चक्क झोपले. याच दोन महिन्यांत मला 'रेंजची भीती' म्हणतात ती कळली. गाडी सुटल्यावर वाटेत बंद पडेल अशी ती भीती नव्हती. मंगळवारी ३१ टक्के उरलेत, बुधवारी हिंजवडीला जायचंय, गुरुवारी सासूबाईंचे डोळे दाखवायचेत, मग चार्ज कधी करू, असं डोक्यात सतत चालू असलेलं गणित म्हणजे ती भीती. घरी पॉइंट आल्यापासून ते गणित थांबलं ते आजतागायत सुरू झालेलं नाही.

पॉइंट यायला मात्र सोसायटी आडवी होती. 'आडवी' हा शब्द अन्यायाचा आहे खरा. ४२ फ्लॅटची इमारत, १९९८ सालची. माणसं चांगली आहेत, गणपतीत एकत्र जेवतो. पण कार्यकारिणीच्या बैठकीत माझा विषय आला आणि पंचेचाळीस मिनिटं तोच चालला. पाण्याच्या टँकरचा विषय त्या दिवशी पुढे ढकलावा लागला.

पहिला आक्षेप आगीचा. एक्स्टेन्शनचा किस्सा वॉचमनने सगळ्यांना सांगून झाला होता, त्यामुळे माझी बाजू आधीच लंगडी. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "आमच्या बाल्कनीच्या बरोबर खाली ती गाडी आहे. तुमची हौस, आमचा जीव." त्यांच्या बोलण्याला हसण्यात अर्थ नव्हता. मी तो फुगलेला प्लग टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "आजोबा, धोका याच्यात होता. मी जे मागतेय त्यात वेगळी जाड केबल आहे, भार वाढला की आपोआप पडणारी स्वतःची एमसीबी आहे, आणि ३० मिलिअँपिअरची गळती झाली की खटकन बंद करणारी आरसीसीबी आहे. परवानगी नाही दिलीत तर कोणीतरी पुन्हा असला बोर्ड लावणार, कारण गाड्या काही यायच्या थांबणार नाहीत." हे बोलणं पटलं असं नाही, पण प्लग हातोहात फिरला.

दुसरा आक्षेप होता, "वीज कोणाच्या खिशातली?" तो सोपा होता. तिसरा सेक्रेटरी काकांचा, आणि तो मात्र खराखुरा वजनदार. काका वीजखात्यातले नाहीत, आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्स पाहिलेला माणूस. ते म्हणाले, "तुझा एक चार्जर सात किलोवॅटचा. उद्या आठ जणांनी घेतले तर छप्पन्न. आपला ट्रान्सफॉर्मर आजूबाजूच्या तीन इमारतींना पुरवतो. तुला हो म्हणायचं आणि नवव्याला नाही, हे कसं करणार?"

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचना मी छापून नेल्या होत्या. घरी किंवा कार्यालयात आपल्या आहे त्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. काकांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "हे विजेबद्दल आहे. सोसायटीच्या भिंतीवरून केबल कुठून न्यायची, ते यात कुठे आहे?" मी गप्प बसले. कायदा दाखवून माणसं तयार होत नाहीत, उलट हाताची घडी घालतात, हे मला त्या क्षणी कळलं. कागद पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "मग काका, तुम्हीच सांगा, कशी नेऊ?"

तिथून सूर बदलला. पुढच्या रविवारी काका हातात टेप घेऊन पार्किंगमध्ये हजर. त्यांनी सुचवलेला मार्ग असा: मीटर रूमपासून पार्किंगच्या छताखाली एक रुंद लोखंडी केबल ट्रे न्यायचा, त्यात आठ केबलींची जागा. ट्रेचा खर्च सोसायटीचा, त्यातून आपापली केबल ज्याची त्याने टाकायची, आणि नंतर येणाऱ्याने ट्रेच्या खर्चातला आपला वाटा द्यायचा. म्हणजे दर वेळी नवी भोकं नाहीत, वायरींचं जाळं नाही. शिवाय रात्री अकराच्या आत कोणी चार्जिंग सुरू करायचं नाही, कारण तोवर सगळ्यांचे एसी, मिक्सर, लिफ्ट जोरात असतात. गाडीत वेळ लावून ठेवता येते, त्यामुळे मला काहीच त्रास नव्हता. डिसेंबरच्या बैठकीत ठराव झाला. आजोबांनी विरोधात मत नोंदवलं आणि बैठक संपल्यावर मला तिळाच्या वड्यांची कृती विचारली.

मग वायरमन. आमच्या गल्लीतला हा मुलगा लायसन्सवाला आहे, महावितरणला लागणारा टेस्ट रिपोर्ट देऊ शकतो. हे आधी विचारून घ्यावं, नाहीतर काम एकाकडून आणि सही दुसऱ्याकडून अशी वणवण होते. त्याने पहिल्यांदा सहा स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या आर्मर्ड, म्हणजे वरून पोलादी वेष्टण असलेल्या, केबलचा भाव दिला. काकांनी तिथल्या तिथे पेन काढून हिशेब केला: ३२ अँपिअर, पंचावन्न मीटर जाणं, पंचावन्न येणं, म्हणजे दहाएक व्होल्ट वाटेतच खर्च. नियमाच्या दृष्टीने चालतंय, पण उन्हाळ्यात मुळात व्होल्टेज पडलेलं असताना चालणार नाही. दहा स्क्वेअर एमएम घेतली तर ही घट सहा व्होल्टवर येते. केबलचे पैसे बरेच वाढले. मी कुरकुरले, पण घेतली. केबल, डीबी (स्विचांची पेटी), अर्थिंग, मजुरी, ट्रेमधला माझा वाटा असं सगळं मिळून ६३ हजार लागले. 'चार्जर फुकट'ची ही खरी किंमत.

अर्थिंगने एक आठवडा खाल्ला. केबल ओढून झाली, चार्जरची पेटी खांबावर बसली, नारळ फोडला, गन, म्हणजे चार्जरच्या वायरीचं टोक, गाडीत घातली, आणि पेटीवर लाल दिवा. काढली, घातली, लालच. वायरमन म्हणाला पेटी खराब. पेटीवाला म्हणाला अर्थिंग खराब. मल्टिमीटर लावला तेव्हा न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये अकरा व्होल्ट. इमारतीचा जुना अर्थिंगचा खड्डा सव्वीस वर्षांत कोणी बघितलेलाच नव्हता; त्यातली पट्टी गंजून भुगा झाली होती. म्हणजे इतकी वर्षं आमचे सगळे फ्रिज, गीझर, वॉशिंग मशिन नावापुरत्या अर्थिंगवर चालत होते. त्यांनी कुरकुर केली नाही, कारण त्यांच्यात ते तपासणारं काही नसतं. गाडीचा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि मगच वीज घेतो. मीठ-कोळशाऐवजी केमिकलचा नवा खड्डा केला, एक माझ्यासाठी आणि एक सोसायटीने स्वतःच्या खर्चाने इमारतीसाठी. दिवा हिरवा झाला. आजोबांना मी ही गोष्ट मुद्दाम जाऊन सांगितली, थोडा भाव खाल्ला म्हणा.

आता मीटरबद्दल, कारण इथे सगळे फसतात. माझा पहिला विचार होता की घरच्याच मीटरवरून केबल घ्यावी, वेगळा मीटर कशाला. पण घरगुती बिलाचे टप्पे असतात: १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत, आणि त्याच्या वर आणखी. आमचं घर महिन्याला २४०-२५० युनिट खातं. गाडी महिन्याला दीड-पावणेदोनशे. म्हणजे गाडीची निम्म्याहून जास्त युनिटं तीनशेच्या वरच्या टप्प्यात पडणार, तेव्हाच्या दराने वहन आकार धरून पंधरा रुपयांच्या पुढे. महावितरणकडे ईव्ही, म्हणजे विजेच्या गाडीच्या, चार्जिंगसाठी वेगळा दर आहे, त्यात हे टप्पे नाहीत. त्यासाठी ए-१ अर्ज, सोसायटीचं पत्र, टेस्ट रिपोर्ट, मग कोटेशन भरायचं, मग मीटर. मी आठ किलोवॅटचा भार मागितला. स्थिर आकार, कर वगैरे सगळं धरून मला युनिट साडेआठ-नऊ रुपयांच्या आसपास पडतं. महिन्याला फार कमी चालवणाऱ्याला स्थिर आकार अंगावर येईल, त्याने घरच्या मीटरवरच साधा पंधरा अँपिअरचा पॉइंट घ्यावा. ज्यांचं घरचं बिल मुळातच शंभर युनिटच्या आत आहे, त्यांचंही गणित वेगळं निघेल. शेजारच्याचं बघून ठरवू नका, आपलं बिल समोर ठेवा.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मीटर लागला. त्या दिवसापासून मी वही ठेवली आहे. बँकेत बत्तीस वर्षं काढली की हात तसाच वळतो. डावीकडे मीटरवरचं युनिट, उजवीकडे किलोमीटर.

वही काय म्हणते ते सांगते. बॅटरी ४०.५ युनिटची. पण रिकामी ते पूर्ण भरायला भिंतीतून ४५ च्या पुढे जातात. उरलेली उष्णतेत आणि चार्जरच्या पंख्यात. गाडीच्या पडद्यावरचा किलोमीटरमागचा खर्च हा बॅटरीतून निघालेल्या विजेचा असतो, खिशातून गेलेल्या विजेचा नाही. कोथरूड ते हिंजवडी, सिग्नल, चांदणी चौक, पुन्हा सिग्नल, अशा चालीत बॅटरीतल्या युनिटमागे साडेसात किलोमीटर मिळतात, म्हणजे भरल्या बॅटरीवर तीनशे. पेट्रोलच्या गाडीला जे रखडणं महागात पडतं तेच हिला मानवतं. ब्रेक मारला की थोडी वीज परत, सिग्नलला उभी असली की खर्च जवळजवळ शून्य, एसीपुरता. हायवेला १०० ने पळवली की युनिटमागे सहा. ८० ने गेलं की सात. वेग वाढला की हवा अंगावर येते आणि तो खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो. गाडी पेट्रोलची असो की विजेची, हवेला त्याचं काही नाही.

ब्रोशरवर छापलं होतं ४६५ किलोमीटर. याला फसवणूक म्हणणारे खूप भेटतात. मी म्हणत नाही. ही मोजणी करणारी एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था आमच्या वेताळ टेकडीवरच आहे. सकाळी फिरायला जाणारा अर्धा कोथरूड त्या टेकडीला एआरएआयची टेकडी म्हणूनच ओळखतो. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरलेल्या वेगांच्या चक्रात चालवतात, वेग ९० च्या वर जातच नाही आणि बराच वेळ शहरातल्यासारखा मंद असतो. एसी बंद. ती एक समान परीक्षा आहे, दोन गाड्यांची तुलना करायला उपयोगी. दहावीचे मार्क आणि पुढचा संसार यांचा जेवढा संबंध, तेवढाच त्या आकड्याचा आणि खंबाटकी घाटाचा. मी त्या आकड्याला सरळ ०.६ ने गुणते, शहरासाठी ०.६५ ने.

या गुणाकाराची परीक्षा मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात झाली. आत्या गुहागरला असते. दर मे महिन्यात आम्ही जातो, आंबे आणतो. पुणे, सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर: पावणेतीनशेच्या थोडं वर. नवऱ्याचं म्हणणं होतं, या वेळी एसटीने जाऊ. मी म्हटलं, मग गाडी घेतली कशाला, सोसायटीला शोभा म्हणून?

पहाटे साडेपाचला १०० टक्क्यांनी निघालो. चार माणसं, सामान, एसी. साताऱ्याच्या अलीकडे ११० किलोमीटरला ५३ टक्के उरले. खंबाटकीची चढण आणि नवऱ्याचा उजवा पाय यांनी मिळून ही करामत केली होती. ज्या हॉटेलात चार्ज करायचं ठरवलं होतं तिथला चार्जर अ‍ॅपमध्ये हिरवा दिसत होता. प्रत्यक्षात पडदा चालू, गन लावली की 'प्रतीक्षा करा', आणि प्रतीक्षा संपेचना. हेल्पलाइनवरच्या मुलीने तो दुरून बंद-चालू केला, तीनदा. हॉटेलचा पोऱ्या म्हणाला, "परवापासून असाच आहे." मग आठ किलोमीटरवर दुसरा. तिथे एक टॅक्सी आधीच लागलेली. ड्रायव्हर भला माणूस होता. त्याचे ८४ टक्के झालेले बघून मी विचारलं, "दादा, अजून किती?" तो म्हणाला, "शंभर करतो ना ताई." ऐंशीच्या पुढे बॅटरी हळूहळू भरते, शेवटच्या वीस टक्क्यांना पहिल्या पन्नासाइतका वेळ लागू शकतो, त्याला हे माहीत होतं, पण त्याला सवारीची वाट बघायचीच होती. आम्ही त्याला मिसळ खाऊ घातली आणि त्याने ९० वर गन काढली. आमची ४७ वरून ८१ वर यायला चाळीस मिनिटं लागली. त्या चाळीस मिनिटांत आम्हीही मिसळ खाल्ली, म्हणजे वेळ तसा वाया गेला नाही.

तेव्हापासून प्रवासाला निघताना मी पहिला थांबा असा ठरवते की तो बंद निघाला तरी पुढचे दोन गाठता येतील. अ‍ॅपवरच्या हिरव्या ठिपक्यापेक्षा त्याखाली लोकांनी शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी केलं ते बघते. आणि ऑपरेटरच्या तीन-चार अ‍ॅपांत थोडे थोडे पैसे घरूनच टाकून ठेवते, कारण घाटाच्या तोंडाशी ओटीपी येत नाही.

कुंभार्लीच्या माथ्यावर ५१ टक्के होते. आणि आता खरी गंमत. घाट उतरताना पाय दोन्ही पेडलांवरून काढला, गाडीचं रिजन, म्हणजे वेग रोखताना वीज परत घेण्याची सोय, वरच्या पातळीवर टाकलं, आणि गाडी स्वतःच स्वतःला धरत उतरू लागली. पडद्यावर बाण उलटा, चाकांकडून बॅटरीकडे. ५१ चे ५२. एका वळणावर ५३. खाली पोफळीला पोचलो तेव्हा ५४. नवरा, जो आदल्या रात्री एसटीचं वेळापत्रक बघत होता, तो लहान मुलासारखा आकडे मोठ्याने वाचत होता.

पोफळी म्हणजे कोयनेच्या वीजघराचं गाव. वर शिवाजीसागर जलाशयाचं पाणी, ते सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पश्चिमेला खाली सोडायचं आणि त्या पडण्यावर वीज करायची. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. शाळेत भूगोलात घोकलं होतं. पाणी उतरतं तिथून वीज, आम्ही उतरलो तिथून वीज. आमची भरली तीन टक्के, म्हणजे सव्वा युनिट. पंखा सोळा-सतरा तास चालेल एवढी. कोयनेपुढे लाज वाटावी इतकी, पण स्वतःच्या वजनावर मिळवलेली.

घाटाचा हिशेब माझ्या वहीत असा आहे. माणसांसकट गाडी सतराशे किलोच्या आसपास. तिला शंभर मीटर उंच न्यायला साधारण अर्धं युनिट लागतं, मग रस्ता किती का वळणांचा असेना. उतरताना त्यातलं सगळं परत मिळत नाही, निम्मं मिळालं तरी खूप. म्हणून नकाशात अंतराबरोबर उंचीही बघायची. आणि एक गोष्ट मैत्रिणीने महाबळेश्वरला शिकून मला सांगितली: डोंगरावर मुक्काम असेल तर तिथे १०० टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते, मग रिजन चालत नाही आणि सगळा घाट साध्या ब्रेकवर उतरावा लागतो. तिला वाटलं गाडीचं काहीतरी बिघडलं.

गुहागरला पोचलो २७ टक्क्यांवर. आत्या दारात उभी. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "आवाज नाही गो हिला. आलीस ते कळलंच नाही. आणि विजेवर चालते म्हणतेस, तर इथली वीज गेली की काय करणार?" वीज त्या संध्याकाळी खरोखरच गेली, सव्वा तास.

पडवीतल्या पॉइंटवर चार्जर लावला तर लाल दिवा. हे दुखणं आता ओळखीचं होतं. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत जाड पॉइंट होता आणि तिथे ओल्या मातीत पुरलेलं अर्थिंग उत्तम, तिथे हिरवा. (हा पंप घरच्याच मीटरवर आहे. शेतीपंपाची जोडणी असती तर मी लावली नसती. ती वीज शेतीच्या दराची, गाडीला वापरणं नियमात बसत नाही.) गाडी पोफळीच्या झाडांमधून मागे घेत विहिरीपर्यंत नेली. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत पडलेलं, चार्जर दोनदा सुरू होऊन बंद पडला. रात्री साडेदहानंतर गावातले पंखे-टीव्ही शांत झाले तसं २१० वर आलं, मग सुरळीत. अर्ध्या तासाने अंधारात टॉर्च घेऊन प्लगला हात लावायला गेले. कोमट. सकाळी आठला ८९ टक्के.

निघताना तीस युनिटचे म्हणून मी आत्याच्या हातात चारशे रुपये ठेवायला गेले. तिने हात मागे घेतला. "लाइटीचे पैसे देतेस? मग जेवणाचेही दे. आणि चार दिवस विहिरीचं पाणी वापरलंत, त्याचं मीटर कुठाय?" मी पैसे पर्समध्ये टाकले. पुढच्या महिन्यात तिच्या बिलात काय फरक पडला ते मी फोनवर आडून विचारलं. तिनेही आडूनच टाळलं. पाहुणं म्हणून गेलेल्या घरची वीज घ्यायची तर पैसे द्यायचे की नाहीत, आणि दिले तर कसे, याचा शिष्टाचार अजून तयार व्हायचाय. गणपतीला जाताना मी तिच्या घरच्या पडवीत नवं अर्थिंग करून दिलं. ते तिने घेतलं.

परतताना घाट चढायला १२ टक्के लागले. कराडच्या बाजूला एकदाच थांबलो, चार्जर पहिल्या झटक्यात चालला, सांगण्यासारखं काही नाही. घरी १९ टक्के. पार्किंगमध्ये गन लावली, वेळ रात्री अकराची ठेवली, आंब्याच्या पेट्या लिफ्टने वर नेल्या.

खर्चाचं विचारतात म्हणून: जुनी पेट्रोलची गाडी शहरात लिटरला चौदा देत होती, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. ही वेगळ्या ईव्ही मीटरवर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत. बाहेरच्या जलद चार्जरवर साडेतीनच्या पुढे. ज्यांना घरी पॉइंट मिळायची शक्यताच नाही, त्यांनी तिसरा आकडा धरूनच हिशेब करावा आणि त्यात मॉलच्या तळघरातले तास मिळवावेत. मला तरी ते परवडले नसते. हौस म्हणून दोन महिने ठीक.

आता ट्रेमध्ये पाच केबली आहेत. सहावा, सातवा आणि आठवा अर्ज आलेत. आणि गेल्या आठवड्यात नवव्याने बुकिंग केलं, कोणालाही न विचारता, अगदी मी केलं होतं तसं. सेक्रेटरी काकांनी मला 'ईव्ही उपसमिती' म्हणून नेमलंय. तिची सभासद मी एकटीच. ट्रान्सफॉर्मरवर किती भार आहे हे कळण्यासाठी अर्ज केला आहे, आणि आठ जणांनी आलटून-पालटून, दोन रात्रींत विभागून चार्ज करायचं कोष्टक मी वहीच्या मागच्या पानावर आखतेय. नवव्याचं नाव त्यात कुठे बसवायचं ते ठरलेलं नाही. तोवर त्याला घरी बोलावून चहा दिला आणि ड्रॉवरमधला प्लग दाखवला.